पट्टा हातातच होता

अम्मच्ची देवापुढे चाळीस वेळा वाकायची आणि चाळीसही वेळा तिच्या मनगटावरचा पट्टा बोंब मारायचा. सगळ्या भानगडीचं मूळ ते एवढंच.

अम्मच्ची म्हणजे राहेलम्मा टीचर. रान्नीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली, वय अठ्ठ्याहत्तर, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. एकुलता मुलगा रेजी डब्लिनला. चढावरच्या रबराच्या झाडांत सात खोल्यांचं घर आणि त्यातल्या दोनच खोल्या उघड्या. तिची आणि प्रसीताची गाठ पडली ती पट्ट्यामुळे. प्रसीताकडे अशी चौतीस घरं होती. मुलं परदेशात आणि म्हातारी माणसं इथे, कोची शहरातल्या एका कंपनीने त्यांच्या हातात पट्टे बांधलेले. स्कूटरवरून घरोघरी जायचं, पट्टा सैल झालाय का बघायचं, नाण्याएवढा सेल बदलायचा, दोन गोष्टी बोलायच्या, पुढच्या घरी जायचं. हीच तिची नोकरी.

पट्टा नाडी मोजायचा, पावलं मोजायचा आणि माणूस धाडकन खाली गेलं की लगेच कळवायचा: कंपनीला, प्रसीताला, मुलाला आणि रुग्णवाहिकेला. एकदा सेल घातला की पाच महिने बघायला नको, इतका काटकसरी. आता काटकसर जमायची कशी? तर माणूस हलेनासं झालं की पट्ट्यालाही वाटायचं, झोपलं वाटतं. मग तोही डोळे मिटायचा. अर्ध्या तासाने एकदा नाडी बघायची, ती चालू असली की प्रसीताच्या फोनवर हिरवा ठिपका दाखवायचा, खाली ‘आराम’ लिहायचं आणि परत झोपायचं.

हे सगळं ठीक चाललं होतं. मग ईस्टरच्या आधीचा पन्नास दिवसांचा मोठा उपास आला. पहिल्याच सोमवारी संध्याकाळी अम्मच्ची प्रार्थनेला उभी राहिली. गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचं, उठायचं, पुन्हा गुडघे टेकायचे. सासूने लावलेली सवय, पंचावन्न वर्षांत एकदा मोडली नव्हती. अकराव्या वाकण्याला रेजीचा फोन आला, तो हिने घेतला नाही, कारण प्रार्थनेत फोन कोण घेतं? पंचविसाव्याला फाटकात रुग्णवाहिका आली, तीही भोंगा वाजवत. मागोमाग अर्धी वाडी. स्ट्रेचर घेऊन दोन माणसं आत धावली तर म्हातारी पदर सावरत उभी आणि म्हणते, “अजून पंधरा राहिलेत. बसा जरा.”

दुसऱ्या दिवशी प्रसीता गेली ती बोलणी खायच्या तयारीनेच.

“मोळे, पोरी, ह्या पट्ट्याला सांग, मी देवापुढे वाकतेय, मरत नाहीये.”

“अम्मच्ची, जरा हळू वाका ना.”

“ह्याहून हळू वाकले तर पुढच्या ईस्टरलाच उठेन. नकोच मला ही कटकट. काढून ठेवते प्रार्थनेपुरता.”

प्रसीताला मागचं आठवलं. गेल्या वर्षी तिने असाच ‘जरा वेळ’ म्हणून पट्टा काढला होता, तो तांदळाच्या डब्यात सापडला. दोन दिवस कंपनी तांदळाची नाडी शोधत होती.

“काढू नका. मी घंटाच बंद करते. साडेसहा ते साडेसात, उपास संपेपर्यंत. मग वाका पाहिजे तितक्या.”

तिने फोन काढला आणि घंटा बंद करायचं पान उघडलं. त्यावर एक प्रश्न होता: या वेळेत घरात दुसरं कोणी असतं का? ‘नाही’ म्हटलं तर घंटा बंदच होत नव्हती. प्रसीताने ‘हो’वर बोट टेकवलं. अम्मच्चीची चष्म्यातली नजर नेमकी तिथे.

“घरात कोण असतं गं माझ्या?”

“देव असतो ना.”

दोघी खो खो हसल्या. प्रसीता निघताना म्हणाली, “आणि साडेसातला मी फोन करत जाईन. रोज. एक दिवस चुकायची नाही.”

तेव्हा ती मनापासूनच म्हणाली होती. पण मनापासून दिलेला शब्द पाळायला नंतर रोज तेवढंच मन लागतं, हे कुणाच्या लक्षात येतं? एकोणीस दिवस तिने फोन केला. अम्मच्ची काही दोन मिनिटांत सोडणारी नव्हती. दिवसभर बोलायला समोर माणूस नाही, मग साडेसातचा फोन म्हणजे तिची जत्राच. शेजारच्या कुरियनने कुंपण हातभर आत सरकवलं. फणसाला यंदा फळ कमी. आठवीतल्या एका मुलाला बावन्न साली... छे, बाहत्तर साली मारलं होतं, ते उगाच मारलं असं आता वाटतं. तोवर इकडे प्रसीताची पेज गार व्हायची, नवरा सजीवन डोळे वटारायचा आणि ती “हो अम्मच्ची, हो ना” करत बसायची.

विसाव्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. प्रसीता सतरा घरं करून आली, अंघोळ केली, उकडलेला टॅपिओकाचा कंद आणि मिरचीची चटणी ताटलीत घेऊन पंख्याखाली बसली. घड्याळात सव्वासात. मग साडेसात. फोन शेजारीच पडलेला. ती त्याच्याकडे बघून स्वतःशीच म्हणाली, “आज नको बाई ते पुराण. उद्या दोन दिवसांचं एकदम ऐकू.”

आठला तिने ठिपका तेवढा बघितला. हिरवा. खाली ‘आराम’. बरं वाटलं तिला. चटणीबरोबर दुसरा तुकडाही खाल्ला.

सकाळी आठला तिने फोन लावला, कालचा राहिला म्हणून. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. ठिपका हिरवाच होता. पण रात्री आठपासून सकाळी आठपर्यंत आराम? ही बाई तर पाचला उठून अंगण झाडते. प्रसीताने स्कूटर काढली. वाटेत तिला एकेक आठवत गेलं. उपास, म्हणून दूध बंद. उपास, म्हणून मासेवालीही दारात थांबत नाही. रबराची पानगळ, म्हणून चीक काढणाराही महिनाभर येणार नाही. ह्या दिवसांत त्या घराची पायरी चढणारं कुणीच नव्हतं. फक्त तिचा फोन होता.

तिच्याजवळच्या किल्लीने तिने दार उघडलं. अम्मच्ची प्रार्थनेच्या खोलीत तांबड्या फरशीवर कुशीवर पडली होती. एक पाय वाकडा. लुगडं ओलं. ओठ सुकून पापुद्रे आलेले.

“आलीस?” ती म्हणाली. “किती वाजले?”

“साडेआठ.”

“म्हणजे तेरा तास चाळीस मिनिटं. तेहेतिसाव्याला उठताना भोवळ आली.” गणिताच्या बाई त्या. मग प्रसीताने पाजलेलं पाणी घोटभर पिऊन म्हणाली, “साडेसातला फोन वाजेल म्हणून कान लावून होते. टेबल चार हात लांब, उठून घेता आला नसता, पण उचलला नाही म्हटल्यावर तू धावत आली असतीस. मग वाटलं, आठला वाजेल. नऊनंतर म्हटलं, हिच्या घरी कुणीतरी आजारी पडलं असणार. मुलगी बरी आहे ना तुझी?”

आता ह्यावर माणसाने काय करावं? पाय धरावेत. म्हणावं, मला कंटाळा आला होता. प्रसीताच्या तोंडून निघालं, “ताप होता तिला. खूप ताप.”

“वाटलंच मला,” अम्मच्ची म्हणाली. तिने पट्ट्याचा हात पुढे केला, मनगट वर करून. “हे काढ आधी.”

“काय?”

“पट्टा काढ आणि त्या खणात टाक. मी सांगेन, मीच काढला होता. घंटा तू बंद केलीस हे कळलं तर तुझी नोकरी राहील का? आजारी पोर आहे घरात. काढ लवकर, आणि मग बोलव कुणाला बोलवायचं ते. दुखतंय गं.”

आणि प्रसीताने तो काढला. तेरा तास पडलेल्या म्हातारीला आणखी अर्धं मिनिट तसंच ठेवून तिने बक्कल सोडलं, पट्टा खणात प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी टाकला, खण लावला आणि मग रुग्णवाहिकेला फोन केला. मनगटावर पट्ट्याचा पांढरा वण होता. तो तिने स्वतःच्या पदराने चोळला. लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली, आणि भरपूर वाटली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी रेजी आला, पन्नाशीचा, थकलेला, डोळे सुजलेले. त्याने प्रसीताचे दोन्ही हात धरले. “तू गेली नसतीस तर आज मी मातीलाच आलो असतो.” चॉकलेटचा मोठा डबा आणला होता तिच्या मुलीसाठी. नर्सा येताजाता म्हणायच्या, हीच ती, हिनेच वाचवलं. कंपनीने तर तिचा फोटो सगळ्यांना पाठवला. आणि त्या रात्रीचे आकडे? ते कंपनीत कुणी उघडूनही बघितले नाहीत. लाल झाल्याशिवाय तिथे कुणी मान वर करत नाही. पट्टा काढला होता म्हटल्यावर विषयच संपला.

संपला नाही. रेजी आईवर तुटून पडला, आणि तोही प्रसीतासमोर.

“एवढासा पट्टा तुला हातात ठेवता येत नाही, अम्मच्ची? तांदळात टाकतेस, खणात टाकतेस, आणि वर म्हणे एकटी राहीन! मी तिकडे दुहेरी पाळ्या करू की तुझ्या मनगटावर पहारा ठेवू?”

चाळीस चाळीस पोरांना नुसत्या नजरेने गप्प करणारी बाई छताकडे बघत म्हणाली, “चुकलं बाबा माझं.”

“चुकलं ना? मग झालं. तिरुवल्लाला चांगली जागा आहे. वृद्धांसाठीच. चोवीस तास माणसं. शुक्रवारी इथून सुट्टी मिळाली की थेट तिकडे. घराला कुलूप.”

प्रसीता डबा छातीशी धरून उभी होती. अम्मच्चीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, बघितलं तर हिचा चेहरा सगळं सांगून टाकेल म्हणून.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. तीन दिवस मुलगी चॉकलेट खायची तर हिला बघवेना. ठणठणीत पोर, शिंकही नाही. सजीवनला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, “म्हातारी स्वतःच म्हणाली ना काढ म्हणून? मग तू कशाला हात दाखवून अवलक्षण करतेस? झाकली मूठ आहे, झाकलेली राहू दे.”

“तिचं घर जातंय, हो.”

“आणि तुझी नोकरी गेली तर?”

“माझी जाऊ दे. दुसरी मिळेल. तिला दुसरं घर कुठून मिळेल?”

हे बोलली आणि तिचं ठरलंच. तिच्या हिशेबाने सगळं सरळ होतं. रेजीला वाटतंय आई पट्टा काढते, म्हणून तो तिला हलवतोय. आईने पट्टा काढला नव्हता हे कळलं की हलवायचं कारणच राहणार नाही.

शुक्रवारी सकाळी ती दवाखान्यात पोचली तेव्हा रेजी पिशव्या भरत होता. अम्मच्ची उशीला टेकून बसली होती, वेणी घातलेली, चेहरा कितीतरी दिवसांनी उजळ. प्रसीताला वाटलं, लेकासाठी उसनं आणलेलं अवसान. तिने दारातूनच सुरुवात केली, बसली असती तर धीर सुटला असता.

“रेजीच्चायन, मला एक सांगायचंय.”

“मोळे,” अम्मच्ची लगेच म्हणाली, “आत्ता नको.”

“नाही अम्मच्ची, बोलू द्या.”

“अगं गप्प बस म्हणते ना! काही बोलू नकोस.”

प्रसीताला वाटलं, बघा, अजूनही मलाच वाचवते. तिला भरून आलं आणि ती धडाधडा बोलत सुटली. “पट्टा अम्मच्चीने काढला नव्हता. हातातच होता. मी काढला, सकाळी गेल्यावर. घंटाही मीच बंद केली होती, घरात माणूस असतं असं खोटं लिहून. साडेसातला फोन करीन म्हणाले होते, केला नाही. पोरीला ताप होता असं सांगितलं, तेही खोटं. कुणालाही ताप नव्हता. मला कंटाळा आला होता. बस.”

आणि तिने फोन पुढे केला. त्या रात्रीचे आकडे होते, अर्ध्या अर्ध्या तासाचे. सातला एकशे अठरा. साडेसातला एकशे सव्वीस. आठला एकशे एकवीस. मग हळूहळू उतरत गेलेले, पहाटे परत चढलेले. प्रत्येकाशेजारी हिरवा ठिपका आणि ‘आराम’.

रेजीने एकेक आकडा वाचला. बोटाने वर सरकवत, परत खाली आणत. साडेसातच्या आकड्यावर त्याचं बोट थांबलं.

“हातात होता,” तो म्हणाला.

“हो.”

“रात्रभर.”

“हो. अम्मच्चीची काहीच चूक नाही. त्यांना घरी राहू द्या, एवढंच मागते. मला काय शिक्षा करायची ती करा.”

रेजी पलंगाच्या कडेवर बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. “काल संध्याकाळी हिने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली,” तो म्हणाला. “पट्टा मरेपर्यंत काढणार नाही म्हणून. रडली. मी माझ्या आईला रडताना बाबांच्या वेळीही बघितलं नव्हतं. म्हटलं, ठीक आहे. पट्टा हातात राहिला तर काय भीती आहे? आज सकाळी तिरुवल्लाला फोन करून नाही म्हणून कळवलं. खाली गाडी उभी आहे ती घरी जायला.”

प्रसीताला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“आता तूच सांग,” रेजी म्हणाला, “कशाच्या भरवशावर नेऊ? हातात असून ती तेरा तास पडून होती.”

“घंटा चालू असती तर...”

“कुणीतरी परत बंद करेल. दयेपोटीच करेल.” त्याने तिचा फोन तिला परत दिला. “तुझं चुकलं असं नाही म्हणत मी. त्या दिवशी मीही फोन बघितला नव्हता.”

अम्मच्ची इतका वेळ डोळे मिटून होती. ते उघडले तेव्हा त्यांत राग नव्हता. वर्गात हुशार पोराचं गणित शेवटच्या पायरीला चुकलं की असतं तसं काहीतरी होतं.

“खरं बोलायचं होतं तर त्या सकाळीच बोलायचं, मोळे,” ती म्हणाली. “तेव्हा ते तुझ्या अंगावर आलं असतं. आज ते माझ्यावर आलं.”

“मी राहते तुमच्याजवळ!” प्रसीता पलंगापाशी गुडघ्यांवरच बसली. “रोज येते, तिथेच झोपते, पगार नको मला. रेजीच्चायन, मी शब्द देते.”

रेजीने नुसतं तिच्याकडे बघितलं. आपण आत्ता काय देऊ केलं हे प्रसीतालाही ऐकू आलं, आणि तिची मान खाली गेली.

अम्मच्चीने हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला. “मुलीला ताप नव्हता ना? मग झालं तर. मी रात्रभर तीच काळजी करत होते.”

प्रसीताला तिथेच फरशीत गाडून घ्यावंसं वाटलं. रेजीने खिडकीशी जाऊन तिरुवल्लाला फोन लावला, सकाळचा निरोप चुकून दिला म्हणाला, जागा अजून आहे ना विचारलं. होती. अर्ज त्याच्या बॅगेतच होता, फाडायचा राहून गेलेला. त्याने तो आईच्या मांडीवर ठेवला, पण मोडलेल्या खुब्यामुळे मांडी तिरकी, कागद घसरायला लागला.

“चष्मा दे,” अम्मच्ची म्हणाली. “आणि मोळे, तू तो खालून धर. माझी अक्षरं हलायला नकोत.”

प्रसीताने दोन्ही हातांनी कागद घट्ट धरला. अम्मच्चीने आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, फळ्यावर लिहावं तसं सुवाच्य, आणि खाली तारीख घातली.